अंतऱ्याचा वारस

मी, निवृत्ती सदाशिव गुरव, वय ६८, धंदा बोलपटांना संगीत देणे (सध्या बंद), राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, डोके ठिकाणावर असताना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. रागात लिहितो आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, याची साक्षीदार डॉक्टरांनी नोंद घ्यावी.

१. राहते घर मुलगी शालन हिचे. भिंतीवरची शिंत्रे मालकांची तसबीर त्यांना परत पोचवावी. काच मीच फोडली आहे.

२. स्टुडिओ बंद करताना शिंत्र्यांनी माझ्या अकरा बोलपटांच्या फिती बांगड्यांच्या कारखान्याला विकल्या. जाब विचारला तर म्हणाले, "मास्तर, जुना माल. आता कोण बघतंय?" धुऊन, कापून त्यांच्या बांगड्या झाल्या. कोणकोणत्या बायकांच्या हातांत माझी गाणी तुटली, देव जाणे. शिंत्र्यांचा हार माझ्या देहावर घालू नये.

३. तंबोरा मुलींच्या शाळेला. झाकून ठेवायचा असेल तर देऊ नये.

४. माझी पेटी अब्दुल मुजावर, क्लॅरिनेटवाला, यास. कारण लिहिणे भाग आहे.

नदीकाठचे गाणे घेताना नायिकेचे काम करणाऱ्या बाई कॅमेऱ्यासमोरच गात होत्या. वाजवणारे दिसू नयेत म्हणून अब्दुलला उंबराच्या झाडावर चढवला होता. धृपद संपले आणि अंतऱ्याआधी याने वरून स्वतःचा चार सुरांचा तुकडा सोडला. खाली उतरल्यावर म्हणाला, "बाईंचा दम संपला होता, मास्तर. गाणं रिकामं पडलं असतं."

"रिकामं ठेवायचं का भरायचं, ते मी ठरवणार. तू कोण?"

मालकांनी तेच चित्रण ठेवले. लोकांनी तुकडाच उचलला. तेवीस वर्षे आम्ही बोललो नाही.

त्या गाण्याची तबकडी निघाली नाही. फीत गेली. गेल्या दिवाळीत पेटीवर बसलो. धृपद आले, अंतरा येईना. माझाच अंतरा! शालन म्हणाली, "बाबा, अब्दुलकाका वरातीत वाजवत्यात की अजून. जाऊन ऐका. का पाय झिजत्यात?"

गेलो. गर्दीच्या मागे उभा राहिलो. तुकडा आला आणि त्याच्या पाठोपाठ अख्खा अंतरा आला, एक सूर इकडचा तिकडे न होता. घरी येऊन तुकडा वगळून वाजवून पाहिला. अंतरा आला नाही.

तरी अट घालतो: माझ्या तिरडीपुढे अब्दुलने हे गाणे वाजवावे, तुकडा वगळून.

खाडाखोड: कलम ४ मधील "तुकडा वगळून" हे शेवटचे दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. खोड मान्य. नि. स. गु.

सही: निवृत्ती सदाशिव गुरव
साक्षीदार: १. डॉ. वामन केशव हुपरीकर २. बंडोपंत गणेश इनामदार, शिक्षक
कोल्हापूर, ता. ९ मार्च १९५८