मनकर्णाबाईचं बोट

१२ जानेवारी, अमरावती
अकोल्याच्या यष्टी वर्कशॉपातून रिटायर झालो. घरी बसून कटाळलो, म्हणून अठी खोली केली. नवी नोकरी लय मजेची! मोबाइलातलं ॲप वापरून पाहाचं. एकट्या म्हाताऱ्यायसाठी हाय. लाल बटन दाबलं की शेजाऱ्याचा फोन वाजते. बोट टेकलं तथी स्क्रीनवर पांढरा ठिपका उमटते. कंपनीतली प्रतीक्षा म्हणे, काका, मनात येईन ते मोठ्यानं बोलत राहा. अडलं तं ॲप चुकलं, तुमी नाई. कायचे नखरे! इंजिनं खोलली म्या. बटन दाबता येत नाई का मले?

१५ जानेवारी
लाल दाबलं तं फोनच इचारते, खरंच मदत पाहिजे? आन् ‘हो’ कुठंच दिसेना. चार जागी बोट टेकून पाह्यलं. स्क्रीन वर सरकवली तवा खाली बारीक, राखडी ‘हो’ सापडलं. प्रतीक्षा कपभर च्या घेऊन आली, म्हणे कुठं अडलं का काका? लेकीवानी पोरगी. तिच्यासमोर अडाणी कावून दिसू? म्हटलं, छट्, एकदम सोपं. पास कर.

२० जानेवारी
शेजारच्या मनकर्णाबाईच्या फोनात तेच ॲप टाकून देल्लं. मदतीले माहं नाव. बुढी एकटीच राह्यते. लाल बटन दाखवलं. म्हणे, मंग काय दाबू, पुंजाभाऊ? मले घाई होती. म्हटलं, बस, इतलंच.

२७ जानेवारी
मनकर्णाबाई गेली. मोरीत पडली. भिताडाच्या अल्याड मी पोहे खात होतो. माहा फोन वाजलाच नाई. तिच्या हातातल्या फोनवर तोच सवाल उघडा होता. खरंच मदत पाहिजे?
तिचा लेक किशोर माह्या पाया पडला. म्हणे, काका, तुमी होते म्हणून आईले आधार होता.

२९ जानेवारी
प्रतीक्षा खुशीत. तुमी पास केलं, म्हणे, आता सोमवारी परतवाड्याच्या म्हाताऱ्यायले देऊन राहिलो. सांगाले तोंड उघडलं. म्हटलं, च्या कडक झाला.

३० जानेवारी
भर दुपारी. फोन खाटेवर, मी दारात. स्क्रीन आपोआप पेटली. तोच सवाल. पांढरा ठिपका उमटला. वरते. बाजूले. कोपऱ्यात. दमानं, चाचपत. ‘हो’ सोडून सगळीकडे.

३१ जानेवारी
फोन बंद करून पेटीत टाकला. पेटीतून आवाज— मंग काय दाबू, पुंजाभाऊ—

१ फेब्रुवारी
फोन पेटीतून काढला. म्या ‘हो’ दाबलं, तिच्यासाठी. दहादा दाबलं. तरी चाचपूनच राह्यली. आता दाबून काय फायदा, बाप्पा.

२ फेब्रुवारी
प्रतीक्षाच्या दारापर्यंत गेलो. वापस आलो.
कंपनीनं ॲप टाकलेले फोन वाटले परतवाड्यात.
दुपारून दुसरा ठिपका— मंग तिसरा— आता मोजता येत नाई— सगळे बोलून राह्यले, मोठ्यानं, मंग काय दाबू, मंग काय—
प्रतीक्षाले फोन लावतो. आत्ताच. सांगतो.
लागत नाई. बोट टेकतो— माहा ठिपका उमटत नाई—
लिवूनच ठेवतो. पोरी, पास नाई ते. बंद कर. मले बी ‘हो’ सापडलं न—