सगळे घरी आल्यावरचे टोले

आबा, ओळखलंत का? कशाला ओळखाल. जिवंतपणीसुद्धा मला हाक मारायची तर आधी तिन्ही भावांची नावं घ्यायचात, मग गाईचं, शेवटी माझं. आता तर जाऊन इतकी वर्षं झाली. मी तुमची थोरली, सिंगापुरातून बोलतेय. लिहितेय सून. ती इथल्या पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात हिशेब बघते, अक्षर चांगलं आहे, फक्त मधेच मला शुद्ध करायला जाते. मी म्हटलं, बोलते तसं उतरव, आबांनाही वाचता येत नव्हतं, चुका काढणार कोण?

इथे आठवडाभर धूर आहे. समुद्रापलीकडे जंगलं जळतात आणि आमच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते. अशातच काल वाडीहून भाच्याचा फोन आला. घाटाच्या तोंडावरचा आपला घंटेचा बुरूज या पावसात एका अंगाने खचला. डोंगरातल्या वाड्यावाड्यांना असे बुरूज होते, धुक्यात चुकलेल्याला आवाजावर घरी आणायला. उरला होता तो आपलाच. आता पाडतो म्हणतात, घंटा देवळात ठेवणार. देवळात आरतीला मशीन आलंय, बटण दाबलं की ताशा, झांज, घंटा सगळं एकदम. पण बुरूज आपल्या गुरवांच्या घराकडे, भाऊ तर एकही उरला नाही, म्हणून माझ्या होकारासाठी अडलेत. नात इथल्या इंग्रजीत म्हणते, "कॅन ऑर कॅनॉट, आजी? सिंपल लाह."

सिंपल कसलं. त्या श्रावणात आई रानभाजी खुडायला कड्याकडे गेली आणि धुकं उतरलं. तुम्ही घंटेचा दोर धरलात तो दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत. तळहाताची सालं निघाली होती. माणसं दरीत उतरली, काही सापडलं नाही. लोक म्हणाले, दहावं करा. तुम्ही केलं नाहीत. पुढे दर धुक्याला घंटा वाजते, गुराखी येतात, बाया येतात, दारं लागतात, तरी तुम्ही आपले बुरुजावरच, टोल्यावर टोला. वाडी दिवे मालवून झोपायची. एकदा मीच खालून ओरडले, आबा, सगळे आले. तुम्ही खाली न बघता म्हणालात, "सगळे आले हे ठरवणारी तू कोण?"

त्यानंतर मी आईच्या नावाने कधी पान वाढलं नाही. तुमचं केलं, नवऱ्याचं केलं. ती मात्र आपल्या घरात मेलेलीच नाही, तिला नुसता उशीर झालाय. बुरूज पाडा म्हणायचं म्हणजे ती गेली म्हणायचं, आणि तेच तोंडातून निघेना. भाचा तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

आज सकाळी फोन लावायला सांगितला आणि म्हटलं, पाडा. सून लिहितालिहिता रडतेय. अगं, अक्षर फुटेल. हे पत्र काही कुठे जायचं नाही, तिच्या कपाटात साड्यांखाली पडून राहील, म्हणून सांगून टाकते आबा: होकार दिल्यावर मला झोप लागली, चांगली गाढ, दुपारभर. भाच्याला मात्र बजावलंय, पहिला दगड काढायच्या आधी कड्यावर आईचं पान पाठव. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लोणी. भाकरी तव्यावरून उतरलेली, वाफ निघते अशीच पाठव. त्या दिवशी ती रात्रीचं शिळं खाऊन निघाली होती.