पोरीचा पहिला व्हिप

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पोरगी प्रतोद झाली! सकाळी सातला दिल्लीहून संघप्रियाचा फोन. "आप्पा, लोकसभेतल्या आपल्या पक्षाची प्रतोद केलंय मला." मी व्हय व्हय म्हटलं, फोन ठेवला आणि शब्दकोश काढला. चौथीत शाळा सुटली. पुढचं सगळं फौंड्रीतल्या जेवणाच्या सुट्टीत शिकलो, पण हा शब्द कधी भेटला नव्हता. प्रतोद म्हणजे चाबूक!

शेवंताला सांगितलं. म्हणाली, "पोरीच्या हातात आसूड? आणि हाकायचं कुणाला?"

"खासदारांना."

"मग हाकू दे की. बरंच हाय."

दोघंही पोट धरून हसलो.

२ डिसेंबर, मंगळवार
यज्ञेश्वरमास्तरला बघून आलो. हृदयाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, कालच घरी आणलंय. शेजारच्या मतदारसंघाचा तीन वेळचा खासदार, पण उशीला टेकून बसलेला असा दिसला— दोरीवर वाळत घातलेला सदराच! संघप्रियाला आठवीत शिकवलं यानंच, राजकारणात आणलं यानंच. प्रतोदपदही खरं याचंच होतं. गटनेत्याला यानंच सांगितलं, "पोरीला द्या, माझ्यात आता दम न्हाय." मला कधी बोलला नाही. त्याच्या बायकोकडनं, नंदिनीवहिनींकडनं आज कळलं.

डॉक्टरांनी दोन महिने प्रवास बंद सांगितलाय.

६ डिसेंबर
बिंदू चौकात बाबासाहेबांना हार घालून आलो. या दिवशी मन जड असतं. त्यात जो तो, "पावणं, लेक लई मोठी झाली म्हणं!" छाती फुगली. आज फुगायला नको होती.

१० डिसेंबर, बुधवार
पेपरात आलंय. येत्या मंगळवारी कामगार विधेयकावर मतदान. कामगार काढून टाकायला मालकानं कुणाला विचारायलाच नको, असा कायदा! आपला पक्ष विरोधात. संघप्रियानं तीन रेघांचा व्हिप काढलाय, पहिलाच. आदेशाखाली एक रेघ म्हणजे नुसती खबर. दोन म्हणजे हजर राहा. तीन म्हणजे काही झालं तरी या आणि पक्ष सांगतो तसंच मत द्या. मोडला तर खासदारकी जाऊ शकते.

मास्तरचं काय? तिला फोन लावला. "आप्पा, मीटिंगमध्ये हाय. मग बोलते." नंतर बोललीच नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मास्तरकडं गेलो. वहिनी आत औषधं काढत होत्या. मास्तरनं हळूच विचारलं—

"यल्लाप्पा, खरं सांग. माझ्या एका मतावाचनं पोरीचं काय अडंल का रं?"

त्याचा हात बघितला. सुया टोचून टोचून काळानिळा. पण डोक्यात पोरगीच होती.

"अडंल की. पहिलाच व्हिप हाय तिचा. तिचाच गुरू घरात बसला तर बाकीची माणसं तिचं काय ऐकणार?"

मास्तरनं मान डोलावली. मग हसला. "व्हय. खरं हाय तुझं."

डॉक्टरचं बोललो. तो म्हणाला, "डॉक्टर काय, म्हणतोयच." विषय मिटला. घरापर्यंत चालत आलो, दमलो नाही.

१४ डिसेंबर, रविवार
मास्तर गेला दिल्लीला. उजळाईवाडीच्या विमानतळावर सोडायला गेलतो. खुर्चीत बसवून नेला. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मास्तरनं मात्र वळून हात केला.

१६ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासनं टीव्हीसमोर. दुपारी मास्तरला चाकाच्या खुर्चीतनं सभागृहात आणलं. सगळ्यांनी बाकं वाजवली. शेवंताला हाक मारली— बघ, बघ! संघप्रिया धावत त्याच्याकडं गेली, वाकून काहीतरी बोलली. तिचा चेहरा नीट दिसला नाही. मास्तरनं बटण दाबलं.

विधेयक पास झालं. आपण एक्क्याऐंशी मतांनी पडलो.

एक्क्याऐंशी!

१७ डिसेंबर
मास्तर गेला. दिल्लीतच, दवाखान्यात. सकाळी नऊला.

१९ डिसेंबर, शुक्रवार
काल पंचगंगेवर अग्नी दिला. संघप्रिया त्याच्याबरोबरच विमानानं आली होती. वहिनी तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तीन रेघा मारल्यास आणि नेलंस गं ह्यांना." ती खाली मान घालून उभी. तोंड कुठं होतं बोलायला!

माझ्याजवळ आली, तशी मी पाठ फिरवली. अधिवेशन चालू आहे म्हणून संध्याकाळीच परत गेली. जाऊ दे. पोटची पोर, पण माणसाच्या जिवापेक्षा हजेरी मोठी झाली तिला. खुर्ची मिळाली की माणूस असा होतो का? हिला मीच वाढवलं ना?

२० डिसेंबर
तिचा फोन आला. घेतला नाही. शेवंता म्हणाली, "एवढं दगड होऊ नगासा." जेवण गेलं नाही दोघांनाही.

२३ डिसेंबर, मंगळवार
संघप्रिया आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. दारातच उभं राहून बोलली—

"आप्पा, सरांना मी सूट दिलेली. लेखी. व्हिप काढला त्याच दिवशी. येऊ नका, पाया पडते, असं मी फोनवर म्हटलं. ते बरं म्हणाले होते हो! काकूंना न्हाय सांगितलं मी. आपल्या मनानं गेले म्हटल्यावर त्यांना किती लागंल. पण मधी झालं काय? तुमाला काय बोलले होते का?"

मी म्हणालो, "न्हाय."