हिरव्या खिडकीचा दगड

३ मार्च, सोमवार
आणि टॉर्चही त्यालाच! उजेडाची जागा दिली, स्टूल दिलं, तेव्हा मी गप्प बसलो. पण टॉर्च? मालक म्हणाला, त्याची नजर बसलीय. नजर बसलीय म्हणे. आठ महिन्यांपूर्वी या चष्म्याला जेडचा हिरवा दगड आणि बाटलीचं बूड यातला फरक कळत नव्हता. माझा सख्खा मावसभाऊ. मावशी फोनवर रडली म्हणून मीच मालकाकडे शब्द टाकला. आता मी दुकानामागे नळावर दगड धुतो, पाचवं वर्ष, आणि हा पुढे बसून दगडांच्या आरपार बघतो.
अकरा महिन्यांनी लहान आहे माझ्याहून. दादा म्हणतो. मनापासून म्हणतो, ते जास्त झोंबतं.
ठरलं. महिनाभरात पारख शिकायची.

४ मार्च
मालक त्याला शिकवत होता, मी दाराआड बादली घेऊन उभा. खरा, काही न केलेला जेड हाताला गार लागतो. आकाराच्या मानाने जड असतो. बांगडी दोऱ्याला टांगून टिचकी मारली की किण्ण वाजते. ॲसिडमध्ये मुरवून आत प्लॅस्टिक भरलेलं असलं तर नुसतं थप्प. रंग चढवलेला असला तर भिंगातून भेगाभेगांत साचलेला दिसतो.
एवढंच? याला आठ महिने कशाला लागले?

५ मार्च
गारपणाची टेस्ट घेतली. वीसच्या वीस दगड गार. मालकाला जाऊन सांगितलं, आजचा सगळा माल अस्सल. मालक म्हणाला, अरे शहाण्या, नळाखालून काढलेला दगड गार नाही लागणार तर काय चटका देणार?
चष्म्या हसला नाही. मान खाली घालून भिंग पुसत बसला. हसला असता तर बरं झालं असतं.

७ मार्च
आईचा फोन. धाकटीची नर्सिंगची फी, एकवीस हजार, वीस तारखेच्या आत. नाहीतर सीट जाईल. माझी शाळा सातवीत सुटली, ती तरी शिकू दे. साडेवीस जमलेत माझ्याकडे. म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस.
मग आईने मावशीच्या फ्रिजचं पुराण लावलं. चष्म्याने पाठवला. दोन दारांचा. बर्फाचा कप्पा वेगळा. भाजी आठ दिवस टवटवीत. मी विचारलं, तुला हवाय का? तर म्हणाली, मला कशाला, मी आपली सांगतेय.
जेवण गेलं नाही.

१० मार्च
गिऱ्हाईक बसलेलं असताना मालकाने त्याला विचारलं, तुला काय वाटतं रे? चष्म्या म्हणाला, ही बांगडी दिव्याखाली हिरवी दिसतेय, उजेडात नेली तर करडी पडेल. दारात नेली. पडली करडी. मालक असा फुलला, जणू पोरगा बोर्डात आलाय.
मलाही ती करडीच वाटत होती. मला कोण विचारतो.

१३ मार्च
आज दगडवाला आला. हा न फोडलेले दगड विकतो. वरून मातकट साल, आत काय निघेल ते नशीब. आतलं थोडं दिसावं म्हणून एका जागी साल घासून अंगठ्याएवढा भाग उघडा करतात, त्याला खिडकी म्हणतात. एका दगडाची खिडकी अशी हिरवी, की बघतच राहावं.
चष्म्याने तो उचलला. टॉर्च लावली. भिंग लावलं. परत टॉर्च. बाकीच्यांना एकेक मिनिट, याला दहा. मग खाली ठेवला आणि म्हणाला, नको.
मी दगड बघितलाच नाही. मी त्याचं तोंड बघत होतो. कान लालबुंद! लहानपणी माझ्या गोट्या खिशात घालताना याचे कान असेच लाल व्हायचे. म्हणजे नको कसला, हवाय. मालकासाठी नको, स्वतःसाठी हवाय.
दगड कशाला पारखायचा? पारख्याला पारखलं की झालं. ही मेथड अजून कुणाला सुचलेली नाही.

१४ मार्च
दगडवाल्याला चहाच्या दुकानात गाठलं. तो म्हणाला बावीस हजार. मी म्हणालो एकोणीस, एक पैसा जास्त नाही. लगेच हो म्हणाला. माझ्यासमोर टिकला नाही.
जाताना म्हणाला, भाऊ, पाण्यात घालू नका हं, कोरड्या फडक्याने पुसा. भला माणूस. विकल्यावरही मालाची काळजी.
कापला की कमीत कमी दोन लाख. फी दोन दिवसांत भरतो. आईला फ्रिज. तीन दारांचा.

१५ मार्च
दगड गादीखाली ठेवलाय. चष्म्या माझ्याच खोलीत. विचारतो, दादा, गादी मध्येच उंच का झालीय? म्हटलं, पाठीला चांगलं असतं.
संशय आलाय त्याला. जळतोय.

१६ मार्च, रविवार, सकाळी १०
उद्या मालकाला दाखवायचा. मळका कसा दाखवू? पाच वर्षं दगड धुणाऱ्याला तो दगडवाला धुणं शिकवणार? कोमट पाण्यात घातला. थोडा साबण.

दुपारी १
खिडकी निघाली. डब्याचं झाकण निघावं तशी. हिरवी चकती, पोस्टकार्डापेक्षा जराशी जाड, मागे पिवळा गोंद. साल विरघळली, बादलीत नुसता चिखल. आतला दगड राखेच्या रंगाचा. पायरीला लावायच्या लायकीचा.

दुपारी ३
दगडवाल्याचा फोन बंद. चष्म्या आला. म्हटलं, पाय धुतोय. त्याने बादलीत बघितलं आणि शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, दादा, कडेला गोंदाची केसाएवढी रेघ होती, तीच शोधत होतो दहा मिनिटं. मी म्हणालो, मग तोंड शिवलं होतं का तुझं? म्हणाला, मालकाची ताकीद आहे, विकणाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचं नाही, नको म्हणायचं आणि गप्प बसायचं. तू घेशील असं वाटलंच नाही रे.
आणि कान? विचारलंच मी. म्हणाला, भिंग लावताना टॉर्च कानावर अडकवतो ना, तापलेली असते.

१८ मार्च
मालकाला चकती दाखवली. म्हणाला, जेड खरा आहे, काहीही केलेलं नाही. कानातल्याच्या एका जोडीचा. पंधराशे देतो.
म्हणजे माझी पारख बरोबर होती. माल अस्सलच निघाला. फक्त पातळ.
उचल मागितली. नाही म्हणाला.

२० मार्च
आईचे तीन फोन उचलले नाहीत. चौथा उचलला. रडत होती, आनंदाने. फी भरली म्हणे काल. तुम्ही दोघांनी निम्मे निम्मे घातलेत ना, त्याने सांगितलं सगळं. असेच एकमेकांना धरून राहा रे.
निम्मे! पैसे याचे, वर नावही माझं लावतो. असल्या माणसाशी धड भांडतासुद्धा येत नाही. विचारलं, कुठून आणलेस? म्हणाला, स्वतःचं भिंग घेणार होतो, घेईन पुढच्या वर्षी. तुझे निम्मे दे सावकाश.
तेवढ्यात धाकटीचा फोन. युनिफॉर्म आणि पुस्तकांचे तीन हजार राहिलेत, पण मी चष्मेदादालाच सांगते, त्याच्याकडे असतात. मी ओरडलो, त्याला काय सांगतेस? सख्खा भाऊ मेलाय का? आत्ता पाठवतो!
खोलीचं भाडं गेलं, खाणावळीचं गेलं. चकतीचे धरून जे उरलं ते पाठवतोय. सहाशे चाळीस.