पित्ताची किनार

प्रिय बसवश्री,

काल फोनवर तुझी आई ओरडली आणि तू फोन ठेवलास. नंतर मी चारदा लावला, तू उचलला नाहीस. मग मी मेसेज केला की आजपासून ती गोळी घेऊ नकोस, कारण नंतर सांगते. तो तू वाचलास, एवढं मला दिसलं. उत्तर नाही. राग आला असणार. गोळ्या सुरू केल्याचं इतक्या मोकळेपणानं सांगितलंस, नव्या नोकरीत जम बसेपर्यंत मूल नको म्हणालीस, आणि इकडून काय आलं, तर आईची किंकाळी आणि मावशीचा हुकूम. तुझ्या जागी मी असते तर मीही फोन आपटला असता. म्हणून हे कागदावर लिहितेय. पानांचे फोटो काढून पाठवीन. कन्नड शाळेतली मास्तरीण मी, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी एक सांगते. मूल कधी हवं ते तू आणि जावई ठरवा. मला त्यात काहीच बोलायचं नाही. तुझ्या दोन मावसभावांच्या मधल्या काळात मी स्वतः ह्याच गोळ्या घेतल्या आहेत. डॉक्टरबाईंनी बीपी पाहिलं, तंबाखू नवरा खातो की तुम्ही, अशी थट्टाही केली, आणि रोज जेवण झालं की गोळी, असा नेम लावून दिला. एकदा विसरले तर दुसऱ्या दिवशी आठवल्या आठवल्या घेतली. मला काही झालं नाही. गोळीवर माझा राग नाही, हे लक्षात ठेव, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटेल.

तुझी आई आज जशी आहे तशीच तुला आठवते ना? खिडकीशी खुर्ची, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, तोंडाच्या कोपऱ्यात रुमाल. मला मात्र आठवते ती अक्कलकोट रोडच्या गणवेशाच्या कारखान्यातली शिवलीला. कटिंगच्या टेबलावर बायकांना सहसा घेत नाहीत, पण ही तिथं उभी राहायची. कापडाचे थर एकावर एक घालून, खडूनं आखून, उजव्या हातानं कापायची मशीन अशी फिरवायची की एक धागा इकडचा तिकडे होत नसे. मालक तिला मास्तर म्हणायचा. घरी आली की मला दरडावायची, मी खरी मास्तर, तू नुसती शाळेतली.

आणि तिला पित्त होतं. आमच्या घरात तो शब्द मिठासारखा वापरात होता. महिन्यातून एखाददोनदा तिचं अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाही, उलटी झाली की शांत झोपायची. आमची आई सुंठ उगाळून कपाळावर लेप घालायची आणि वर तोंडपट्टा सुरू, “पित्त हाय गं ते, शेंगाची चटणी लई खातीस की तू, कितीदा सांगायचं?” बिचाऱ्या चटणीनं आमच्या घरात फार शिव्या खाल्ल्या. शिवलीलेनं चटणी सोडली, दही सोडलं, उपाशी राहू लागली. डोकेदुखी काही सुटली नाही. दुखायच्या आधी तिला खूण मिळायची. कारखान्यात सॅम्पलचे तुकडे कापायला दातेरी कात्री असते, तिनं कापलेली कड करवतीसारखी दिसते. तशी एक चमकती कड तिच्या डोळ्यांपुढं यायची, सरकत सरकत मोठी व्हायची, समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा गिळायची. ती म्हणायची, आली बघ किनार, आता पित्त येतंय. आम्ही हसायचो. कारखान्यातल्या बाईचं पित्तसुद्धा कारखान्यातलंच, म्हणायचो.

तुझ्या वेळचं बाळंतपण तिला फार जड गेलं. पुढचं मूल लगेच नको, हे तिनं आणि तुझ्या बाबांनी, चन्नवीरांनी, मिळून ठरवलं. ती शहाणी, कुणाला तरी विचारून मेडिकलमधून पाकीट आणणारी नव्हे. मला बरोबर घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, घाई करणाऱ्या नव्हत्या. बीपी मोजलं, पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, घरात कुणाला झटका आला होता का, सगळं विचारलं. अर्धशिशी आहे का, हेही विचारलं. शिवलीला म्हणाली, “न्हाय बाई, तसलं कायी न्हाय. पित्त हाय नुसतं.” बाईंनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. पित्ताचं कोण काय विचारणार? अर्ध्या सोलापूरला पित्त आहे. त्या खोलीत तेव्हा कुणी खोटं बोललं नाही. आजही मला चीड येते ती ह्याचीच, की चिडायला समोर कुणी सापडत नाही.

गोळ्या सुरू झाल्या तशी किनार लवकर लवकर येऊ लागली. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे, पित्त वाढलंय. मग एका सकाळी कटिंगच्या टेबलाशी तिच्या हातून मशीन सुटली. तिनं ती उचलायला हात नेला, हात गेला नाही. शेजारच्या बाईला काही सांगू पाहिलं, तर तोंडातून नुसता आवाज. बायकांनी तिला सावलीत निजवलं, कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजलं, पित्त चढलंय म्हणून. दवाखान्यात पोचेतो दुपार झाली होती. मेंदूतली एक नस गुठळीनं बंद झालेली. तिथल्या डॉक्टरांनी मला आधीच्या डोकेदुखीबद्दल खोदून खोदून विचारलं. मी किनारीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी ते सगळं केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही ज्याला पित्त म्हणता ती अर्धशिशीच, आणि दुखण्याआधी असा उजेड दिसणाऱ्या बाईनं ह्या जातीची गोळी घ्यायची नसते.

हे तुला कुणी सांगितलं नाही. तुला सांगितलं, आई मोरीत घसरून पडली. बार्शीला तुझ्या आजीच्या घरी ते ठरलं. सून मूल नको म्हणून गोळ्या खात होती, हे चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटली. तुझी आजी तर म्हणाली होती, “गोळ्या खाल्ल्या, देवानं दावलं.” त्या वाक्यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही, ती गेल्यावरही नाही. तुला बार्शीला नेलं, शिवलीला इथं सोलापुरात माझ्याकडं राहिली, आणि चन्नवीर आधी दर रविवारी, मग सणाला, मग येईनासेच झाले.

आणखी एक गोष्ट नेली त्या झटक्यानं. तिची मराठी गेली. कारखान्यात, सासरी, तुझ्याशी जी बोलायची ती सगळी भाषा जिभेवरून पुसली गेली. उरले आमच्या लहानपणचे मूठभर कन्नड शब्द. नीर म्हणजे पाणी, बा म्हणजे ये, आणि सगळ्यांत जास्त ब्याड, म्हणजे नको. तू बार्शीत मराठीत वाढलीस. सुट्टीत यायचीस, तिला वरणभात भरवायला जायचीस, आणि ती तोंड फिरवून म्हणायची, ब्याड, ब्याड. एकदा तू मोरीच्या दाराआड रडत होतीस. आईला मी नको, म्हणालीस. बाळ, तिच्या तोंडातून घास गळायचा. तो लेकीनं पुसावा, हे तिला नको होतं. तू परत गेलीस की ती दिवसभर दाराकडं बघून बा, बा म्हणायची. ते ऐकायला तू नसायचीस.

आता कालचं. फोन स्पीकरवर होता, शिवलीला शेजारी बसून ऐकत होती. तिला बोलता येत नाही, पण समजतं सगळं. तू म्हणालीस की डॉक्टरांनी सगळं विचारूनच गोळ्या दिल्यात, मी त्यांना सांगितलं, पित्ताशिवाय काही नाही. आणि हसत हसत पुढं म्हणालीस, मावशी, हल्ली पित्त भारीच वाढलंय, डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं काहीतरी चमकतं, वाकडंतिकडं, मोबाईलवरची अर्धी अक्षरं गायब होतात. तेव्हा तुझी आई खुर्चीतून उठायला गेली आणि पडता पडता राहिली. डाव्या हातानं तिनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. ती ओरडत होती, ब्याड, ब्याड. तुला नाही गं. त्या गोळीला. आज पुन्हा घेऊ नकोस. जावयाला सांग, तोवर निरोध वापरा. उद्याच त्या डॉक्टरांकडं जा आणि पित्त हा शब्द तोंडातून काढू नकोस. काय दिसतं, कधी दिसतं, आईला काय झालं, तेवढं सांग. तांबी आहे, दुसऱ्या जातीच्या गोळ्या आहेत, तुला कोणतं चालेल ते डॉक्टर सांगतील. आणि मधेच हात जड झाला, जीभ अडखळली, तर कुणाचं लिंबूपाणी पीत बसू नकोस, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. हे लिहीत असताना मी तिला एकेक ओळ वाचून दाखवत होते. ह्या ओळीपाशी तिनं माझ्या हातातून पेन ओढून घेतलं. खाली कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीसारखी जी रेघ दिसतेय ना, ती तिनं डाव्या हातानं काढलीय. तिला तुला विचारायचंय, तुला दिसते ती अशीच का?

तुझीच,
महानंदामावशी