शीतलच्या लग्नाची डिस्क

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
स्टुडिओतला कॉम्प्युटर वर्षभर बंद होत नाही. मी एडिटिंग सोडून उठले तरी तो घरघरत असतोच. आज हत्यारं पूजेला लावायची म्हणून यांनी बंद केला. ब्लोअरने धूळ उडवली, फडक्याने पुसला, कॅमेऱ्यांशेजारी पाटावर मांडला. हळदकुंकू, झेंडूचा हार. उद्या सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही. वर्षातनं एक दिवस मी रिकामी. बरं वाटलं.

२ ऑक्टो. दसरा
संध्याकाळी बटण दाबलं. पंखा फिरतो, स्क्रीन काळी, नुसते बीप. हे म्हणाले, "हळद गेली असंल आत." रॅम काढून खोडरबराने घासली, सगळे करतात तसं. मग सुरू झाला, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं: डिस्क सापडत नाही. आतून टिक, टिक, टिक. मग गप्प.

३ ऑक्टो.
केबल बदलली. डिस्क शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनला जोडून पाहिली. टिक टिक. तो म्हणतो, फ्रीजमध्ये ठिवा, चालती कधीकधी. फ्रीजमध्ये ठेवायला ती काय दुधाची पिशवी आहे? राग त्याचा, निघाला यांच्यावर. हे जेवले नाहीत.
मेमधली बाकी लग्नं देऊन झालीत. राहिलंय एकच, शीतलचं; फोटो दिले, व्हिडिओ राहिला. मागच्या गल्लीतल्या भानुदास अण्णांची मुलगी. अण्णा श्रावणात गेले, उसाला पाणी देताना, अचानक. शीतलच्या आई, कमलताई, म्हणाल्या होत्या, "घाई न्हाई, सावकाश द्या." म्हणून मीही सावकाश.
कॅमेऱ्याची कार्डं कुठली शिल्लक असायला. लग्नाच्या तिथी दाट. आजचं कॉम्प्युटरवर उतरवायचं, कार्ड पुसायचं, उद्याच्या लग्नाला न्यायचं.

४ ऑक्टो.
बॅकअप आहे, आहे, मी म्हणत होते. डी ड्राइव्हमधलं ई मध्ये टाकायचं, हा माझाच नियम, त्यावर किती मिरवले. आज उजेड पडला: डी आणि ई एकाच डिस्कवर. एकाच कपाटाचे दोन खण, आणि कपाटच गेलं.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला वाटलं तुला म्हाईत आसंल." मला वाटलं यांना...

५ ऑक्टो.
अण्णांना कॅमेऱ्याचं वावडं. समोर गेलं की, "माझं काय घ्येता, पोरीचं घ्या." फोटोत कुठेच नाहीत, असले तर अर्धा खांदा.
एक क्लिप सोडून. पाठवणी झाली, गाडी गेली, यांचा कॅमेरा चुकून चालूच राहिला. रिकाम्या मंडपात अण्णा खुर्च्या एकात एक घालतायत. मधेच मान वळवून हाक मारली, "शीते, पाणी आण गं." सवयीने. मग थांबले. मग पुढची खुर्ची उचलली.
एडिट करताना मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. कुणाला दाखवली नाही, शेवटी लावणार होते. आता ती फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं म्हणजे काही डिस्क नव्हे. अर्थात डिस्क तरी काय.

१३ ऑक्टो.
हे एसटीने पुण्याला. डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर. डेटा काढून देणारे आहेत म्हणतात.

१६ ऑक्टो.
पुण्याचा फोन. आतलं, डेटा वाचणारं हेड गेलंय. जुनी डिस्क, वर्षभर फिरत होती, थांबली ती अडकली. न थांबवता चालली असती का? "सांगता येत नाही." उघडावी लागेल. मिळेलच असं नाही, आणि नाही मिळालं तर पुन्हा प्रयत्न नाही. उघडू का?
दिवाळीनंतर सांगते म्हटलं. रडले. लाडू वळायचे होते, वळले.

२३ ऑक्टो. भाऊबीज
कमलताईंकडे यंदा सण नाही, कढई चढवायची नाही. अशा घरी फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा. टाळता येईना. जाताना ठरवलं, सांगूनच टाकायचं.
शीतल आलेली. डबा ठेवते न ठेवते तोच, "काकू, व्हिडिओत अण्णा हायत का वं? फोटोत कुटंच न्हाईत."
"आहेत," म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. तिने माझा हात धरला तो सोडेना.
कमलताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत्ता नगा दावू. मला बघवायचं न्हाई. वर्सश्राद्ध हुंद्या. तवर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्यात कुटंतरी गहाळ व्हईल."
मी बरं म्हटलं. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यांनी त्यात साखर घातली.
घरी आल्यावर यांनी विचारलं, "सांगितलं?" मी नाही म्हणून मान हलवली.

२४ ऑक्टो., शुक्र.
पुण्याला फोन केला. उघडा म्हटलं. हळू उघडा, असंही म्हणून गेले. पलीकडचा माणूस हसला नाही. बरं ताई, म्हणाला.