शितलची बाहुली

शिलाबाई,

लिहितो लिहितो म्हणत आठवडा टाळला. मधे सिद्धेश्वरच्या धरणावर मासे पाहत बसलो, ते जाऊ दे.

परदेशातल्या चर्चचे पाव्हणे आपल्या तांड्यावर आले होते. जीप मीच चालवत होतो. त्यांनी लेकरांना रांगेत बसवून पाय धुतले. त्यांच्यात तशी सेवा करतात म्हणे. आपल्या मायला वाटलं, नवरात्रात कुमारिकांचे धुतात तसंच. तिनं तुझ्या शितलच्या ओल्या पायांना कौतुकानं हळदकुंकू लावलं. तर पाव्हणे तिथंच, लेकरांसमोर, कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळत बसले. शितल मला विचारती, "मामा, माझे पाय घाण व्हते का?"

मला त्या पाव्हण्यांची किळस आली. पुढचं तर आणखी ओंगळ. त्यांच्यासंगं आलेल्या शहरातल्या माणसानं तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "मायबाप न्हाईत म्हण, बाहुली भेटल." तुमी दोघं तिकडं ऊस तोडून राहिले, अन् इकडं लेकरानं तसं म्हणलं. गोरी बाई रडली.

मी म्हणलं, "काहून खोटं बोलवून राहिला?"

"ड्रायव्हर हाईस ना? गाडी बघ."

रोज याडी याडी करत आईची आठवण काढणारं तुझं पोरगं तवापासून तुझं नावच घेईना.

थांब, तांड्याच्या तोंडाला टेंपो थांबला. त्यातून तूच उतरून राहिली. कारखाना बंद व्हायला तर अजून अवकाश हाय. शितल बाहुली पाठीमागं लपवून मला हळूच विचारती, "मामा, हिला याडी म्हणलं तर बाहुली नेतील का?"

तुझ्या दारातच बसलेला,
देविदास